नदीतील माशांची मोजदाद



शेती, उद्योग आणि सेवा क्षेत्रांची आकडेवारी आपण सहज उद्धृत करतो. परंतु वाहत्या नदीत मासे किती, हे कोण आणि कसे ठरवतो, याचा विचार क्वचितच होतो. तळ्यात मत्स्यबीज सोडणाऱ्याला आपल्या साठ्याचा अंदाज असतो. नदीतील मासा मात्र पकडला जाईपर्यंत कोणाच्याच मालकीचा नसतो. एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की, मुक्त प्रवेशाच्या मासेमारीत लाभ उरतो तोवर नवे मच्छीमार येत राहतात आणि अखेर तो लाभच संपुष्टात येतो. हे टाळण्यासाठी प्रथम साठ्याची स्थिती कळली पाहिजे. ते काम नदीकाठचा क्षेत्र-तंत्रज्ञ करतो.

पहाटे होड्या काठाला लागताच तो माशांच्या जाती ओळखतो, लांबी व वजन घेतो, वयाच्या अभ्यासासाठी काही खवले जपून ठेवतो. पाण्याचे तापमान आणि त्यात विरघळलेला प्राणवायूही नोंदवतो. किती जाळी, किती तास टाकली होती, हे तो आवर्जून विचारतो. याचे कारण आर्थिक आहे. समजा, गतवर्षी १० जाळ्यांत ५० किलो मासे मिळाले आणि यंदा २० जाळ्यांत ६० किलो. एकूण उत्पादन वाढले. पण प्रति जाळे प्राप्ती ५ किलोवरून ३ किलोवर आली. केवळ एकूण उत्पादन पाहणारा याला प्रगती म्हणेल. म्हणूनच रिकाम्या जाळ्याची नोंदही तितकीच मोलाची असते.

दुसरी पद्धत खूण करून पुन्हा पकडण्याची. १०० माशांना खूण करून सोडले आणि नंतर पकडलेल्या ८० पैकी २० खुणेचे निघाले, तर साठा सुमारे ४०० मानता येतो. मात्र दरम्यान मासे स्थलांतरित झाले किंवा खुणा गळाल्या, तर हा अंदाज चुकतो.

अशा नोंदींचे महत्त्व गंगेतील हिल्सा माशाने स्पष्ट केले आहे. समुद्रातून अंडी घालण्यासाठी नदीत शिरणारा हा मासा पूर्वी अलाहाबादच्याही पुढे जात असे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा कार्यान्वित झाला आणि वरच्या भागातील त्याची आवक झपाट्याने घसरली. अलाहाबाद, बक्सर, भागलपूर येथील आधीच्या व नंतरच्या नोंदी उपलब्ध होत्या, म्हणूनच ही हानी सिद्ध करता आली. अन्यथा बिहारच्या मच्छीमारांचे गाऱ्हाणे केवळ ऐकीव ठरले असते. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्स्थलीय मत्स्य संशोधन संस्थेने पुढे 'नमामि गंगे' कार्यक्रमांतर्गत फराक्काच्या वर हिल्सा सोडले आणि काहींना खूणपट्ट्या लावल्या. अशी पट्टी मच्छीमाराने परत आणून दिली, तरच त्या माशाचा प्रवास कळतो.

येथेच या कामाची खरी कसोटी आहे. आपण दिलेल्या माहितीमुळे बंदी येईल, अशी भीती वाटल्यास मच्छीमार खरा आकडा सांगणार नाही. प्रजननकाळात मासेमारी थांबवायची असेल, तर त्या काळातील त्याच्या उपजीविकेची तरतूदही धोरणातच हवी. परीक्षेत शाश्वत विकासावर लिहिताना नदीकाठच्या या नोंदवहीचा आणि ती भरण्यास साहाय्य करणाऱ्या मच्छीमाराचा अवश्य विचार करा.

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संपादित भाग)