कार्ड तिकडे, बिऱ्हाड इकडे

मुलगा न्यू जर्सीत आणि आईवडील भातशेतीपाशी, अशी घरं कर्जत-खालापुरात आता नवलाची राहिलेली नाहीत. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला आणि त्याने एकविशी ओलांडलेली असली, की तो आईवडिलांच्या ग्रीनकार्डासाठी अर्ज करू शकतो. कार्ड मिळतं. मग इथे लावणी येते, गणपती येतात, गुडघ्याचं ऑपरेशन निघतं आणि वर्ष सरतं.

‘सहा महिन्यांच्या आत अमेरिकेत जाऊन शिक्का मारून आलं की झालं’ ही आपल्याकडची पक्की समजूत. ती अर्धीच खरी आहे. सहा महिन्यांवर बाहेर राहिलात तर चौकशी वाढते. वर्ष उलटलं तर नुसत्या कार्डावर परत जाता येत नाही. पण त्याआधीही विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो: तुमचं घर कुठे? दरवर्षी तीन आठवडे मुलाकडे एडिसनला आणि बाकीचं वर्ष गावी कडावात, असं असेल तर काय सांगणार? कायदा दिवस मोजतो, पण त्याहून जास्त बिऱ्हाड कुठे आहे ते बघतो.

मुक्काम लांबणार हे ठाऊक असेल तर निघण्याआधी ‘री-एंट्री परमिट’साठी अर्ज करावा. अर्ज करताना माणूस अमेरिकेतच असावा लागतो. इथे पोचल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. परमिट साधारण दोन वर्षांचं मिळतं.

करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये भारतातली आंतरराष्ट्रीय विमानं थांबली, नेहमीची वाहतूक सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. अशा वेळी, किंवा मोठ्या आजारपणात अडकलेल्यासाठी ‘एसबी-१’ व्हिसा आहे. तो वकिलातीकडे मागायचा. परतायचा इरादा होता आणि उशीर आपल्या हातात नव्हता, हे कागदांनी दाखवावं लागतं. हॉस्पिटलची फाइल जपा.

आणखी एक. विमानतळावर ‘आय-४०७’ फॉर्म पुढे केला तर घाबरून सही करू नका. ती सही म्हणजे कार्ड स्वखुशीने सोडणं. सही नाकारून इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते.

कराचं मात्र कुणी बोलत नाही. भाताच्या उत्पन्नावर इथे आयकर नाही. पण कार्ड आहे तोवर अमेरिका जगभरचं उत्पन्न धरते: भात, बँकेचं व्याज, विकलेला प्लॉटसुद्धा. ‘मी तिथला रहिवासी नाही’ असं विवरणपत्रात लिहून कर वाचवलात, तर तोच कागद कार्डाविरुद्ध पुरावा ठरू शकतो.

माझं मत विचाराल तर, ज्यांना खरोखर इथेच राहायचं आहे त्यांनी कार्डासाठी दरवर्षी जिवाची दगदग करू नये. तोच आय-४०७ घरी शांतपणे भरून कार्ड परत करता येतं. पुढे नातवंडांना भेटायला पर्यटक व्हिसा मागता येतो. तो मिळेलच अशी हमी नाही, पण कार्ड रीतसर परत केलं म्हणून दार बंद होत नाही. मुलांना हे पटवणं अवघड, हे मला माहीत आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.