गाइड रस्त्यासाठी नाही, घड्याळासाठी : फ्रान्सच्या किनाऱ्यावर सायकल

आजच्या भागात आपण फ्रान्सला चाललोय, पण आयफेल टॉवर बघायला नाही. चाललोय वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर, सायकलवरून.

इन्स्टावर तुम्ही ती रील पाहिली असेल. डाव्या हाताला खडक, उजव्या हाताला हिरवट निळं पाणी आणि मधून दहा-बारा सायकली शिस्तीत चालल्यात. खाली लिहिलेलं असतं, 'गाइडेड सायकलिंग हॉलिडे'. किंमत बघितली की पहिला प्रश्न हाच येतो, की बाबा, मोबाइलमध्ये मॅप असताना गाइडला एवढे पैसे कशाला द्यायचे?

प्रश्न रास्त आहे. आणि माझं उत्तर असं, की रस्ता दाखवायला गाइड लागत नाही. या किनाऱ्यावर गाइड लागतो तो वेळ सांभाळायला. आता हे नीट उलगडून सांगते.

आधी रस्त्याचं बघू. रोस्कॉफपासून डंकर्कपर्यंत 'ला वेलोमारितीम' नावाचा साधारण १५०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. युरोपभर जे मोठे सायकलमार्ग आखलेत, त्यातल्या युरोवेलो ४ चा हा फ्रान्समधला भाग. ठिकठिकाणी पाट्या आहेत. कुठे जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट, कुठे शेतातला गाडीरस्ता, कुठे गावातली गल्ली. पाट्या बघत गेलात तरी पोचाल.

एवढा सगळा मार्ग सुट्टीत कुणी करत नाही. लोक त्यातला एक तुकडा घेतात. आपण मों-सॅं-मिशेल ते काप फ्रेएल हा घेऊ. यातल्या ब्रिटनीकडच्या किनाऱ्याला फ्रेंच लोक 'पाचूचा किनारा' म्हणतात, पाण्याच्या रंगामुळे. पॅरिसहून सॅं-मालोपर्यंत थेट वेगवान रेल्वे आहे, साधारण अडीच तासांची. म्हणजे पोचणं सोपं.

मग अवघड काय? समुद्र!

मुंबईत मोठं उधाण असलं की भरती-ओहोटीतला फरक साधारण पाच मीटरपर्यंत जातो. मों-सॅं-मिशेलच्या उपसागरात हाच फरक मोठ्या उधाणाला चौदा मीटरच्या आसपास असतो. चौदा मीटर, म्हणजे चार मजली इमारत! ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की समुद्र दिसतच नाही, नुसता चिखल आणि वाळू. आणि काही तासांत तेच पाणी परत येऊन भिंतीला टेकतं. फ्रान्समध्ये प्रत्येक भरतीला २० ते १२० च्या पट्टीवर आकडा देतात. आकडा शंभरच्या वर गेला, की भरती मोठी समजायची. हे तक्ते तिथे हॉटेलच्या काउंटरवरसुद्धा मिळतात, कारण त्या भागातला दिवस याच तक्त्यावर चालतो.

आता दिवसाचं गणित मांडून बघा. मों-सॅं-मिशेल म्हणजे समुद्रातल्या खडकावरचा मठ. तिथून निघालात की सपाट शेतं लागतात, समुद्र मागे हटवून केलेली. खारं गवत खाणाऱ्या मेंढ्या दिसतात. साधारण पन्नासेक किलोमीटरवर कांकाल. हे गाव कालवांचं. हो, आपल्या कोकणात मिळतात तशीच कालवं. धक्क्याजवळ टपऱ्यांवर कालवं फोडून लिंबाबरोबर देतात, आणि लोक शिंपले खाली किनाऱ्यावरच फेकतात. पण कालवांच्या शेताच्या रांगा उघड्या बघायच्या असतील तर ओहोटी हवी. भरतीला पोचलात तर नुसतं पाणी दिसणार.

पुढे सॅं-मालो. तटबंदीचं शहर. १९४४ च्या ऑगस्टमध्ये ते बहुतेक सगळं उद्ध्वस्त झालं होतं, नंतर दगड रचून पुन्हा उभं केलं. समोर ग्रां बे नावाचं बेट आहे. लेखक शातोब्रियांची समाधी तिथे आहे. ओहोटीला चालत जाता येतं. परतायला उशीर झाला, तर वाट पाण्याखाली! मग पुढची ओहोटी येईपर्यंत काही तास बेटावरच बसायचं. तुमचं सायकलचं वेळापत्रक गेलं ना बोंबलत!

सॅं-मालोहून पश्चिमेला जायला रांस नदीचं मुख ओलांडायचं. तिथे १९६६ मध्ये सुरू झालेलं, भरती-ओहोटीवर वीज तयार करणारं केंद्र आहे. क्षमता २४० मेगावॅट. रस्ता त्याच बांधावरून जातो. होड्या जायच्या वेळी पूल उचलतात आणि सगळी वाहतूक थांबते. मग आणखी चाळीस-पन्नास किलोमीटर गेलं की काप फ्रेएलचे कडे, सुमारे सत्तर मीटर उंच. हा भाग दिसतो तितका सोपा नाही. चढ छोटे असतात, पण एकामागून एक येतात.

यात जेवणाची वेळ मिळवा. छोट्या गावांत दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं, ते थेट संध्याकाळी सातला उघडतं. अडीचला भुकेले पोचलात तर बेकरीतला पाव, तोही उरला असेल तर.

म्हणजे भरती, पूल, जेवण आणि चढ, ही चार घड्याळं एकदम चालतात. चांगला गाइड आदल्या रात्री ही चारही जुळवतो आणि सांगतो, 'उद्या साडेआठला निघू, आधी बेट, मग कॉफी.' तुम्ही पैसे देता ते याचे. आणि मागून येणाऱ्या व्हॅनचे, जी पंक्चर झालेली सायकल आणि दमलेला माणूस दोन्ही उचलते.

मग गाइड सगळ्यांनी घ्यावा का? नाही. 'सेल्फ-गाइडेड' नावाचा प्रकारही असतो. हॉटेलं ठरलेली, बॅगा एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला ते पोचवतात, मार्ग मोबाइलवर, अडचणीला एक फोन नंबर. स्वस्त पडतं. तुमच्या चौघांच्या ग्रुपमध्ये एक जण जरी तक्ते वाचून रोजचं नियोजन करणारा असेल आणि पंक्चर काढता येत असेल, तर बिनधास्त हाच घ्या. पहिल्यांदाच परदेशात सायकल चालवणार असाल, एकटे असाल किंवा आईबाबांना घेऊन जाणार असाल, तर गाइड घ्या. एकच अपवाद. मों-सॅं-मिशेलच्या वाळूतून पायी चालायचं असेल, तर तिथला जाणकार वाटाड्या हवाच. रुतवणारी वाळू आणि वेगाने चढणारं पाणी, तिथे धाडस नको.

पैसे भरण्याआधी कंपनीला पाच प्रश्न विचारा. ग्रुप किती जणांचा? व्हॅन पूर्ण वेळ मागे असते का, की फक्त बॅगा नेते? रोजचे किलोमीटर किती आणि चढ किती? ई-बाइक मिळेल का? आणि दिशा कुठली? शेवटचा प्रश्न फार कुणी विचारत नाही. इथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. पूर्वेकडून पश्चिमेला जाणारी टूर म्हणजे वारा तोंडावर. उलट दिशेला तोच वारा पाठीवर.

आता काही बारीक गोष्टी. तिथे उजव्या बाजूने चालवायचं. बऱ्याच चौकांत पाटी नसली तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ब्रेकही तपासा. तिथे पुढचा ब्रेक साधारणपणे डाव्या हाताला असतो, आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींच्या उलट. उतारावर हे आठवण्यापेक्षा पहिल्या दिवशी पार्किंगमध्ये सराव केलेला बरा.

शाकाहारी मंडळींनो, गालेत शोधा. कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं, आत चीज किंवा मशरूम. 'कोंप्लेत' मात्र मागू नका, त्यात हॅम असतं. धिरडं कशावर भाजतात तेही विचारा, कधीकधी तव्याला चरबी लावतात.

मे, जून किंवा सप्टेंबर निवडा. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच लोकांच्याच सुट्ट्या असतात, गर्दी फार. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. शेंगेन व्हिसासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारे पैसे भरू नका.

तर मंडळी, रील बघून बुक करू नका. आधी तारीख ठरवा, त्या आठवड्याचा भरतीचा तक्ता उघडा, आणि स्वतःला विचारा, हे मला जमवता येईल का? उत्तर 'हो' असेल तर गाइडचे पैसे वाचवा. 'नाही' असेल तर ते पैसे वाया गेले असं समजू नका.

काही प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोवर टायरमध्ये हवा भरून ठेवा. भेटूया!