टेकडी, ठोकळे आणि तान्हं बाळ
बऱ्या-वाइटाची जाण आपण उपजतच घेऊन येतो की शिकतो? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात काइली हॅमलिन, कॅरन विन आणि पॉल ब्लूम यांनी हे थेट तान्ह्या बाळांनाच विचारलं. त्यांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. पालकांच्या मांडीवरच्या बाळापुढे खेळ मांडला: डोळे लावलेला गोल लाकडी ठोकळा टेकडी चढू पाहतो, पण पुन्हा खाली येतो. एक ठोकळा त्याला मागून रेटून वर पोचवतो, दुसरा वरून येऊन खाली लोटतो. मग हे दोघं बाळासमोर धरले. 10 महिन्यांच्या 16 पैकी 14 बाळांनी मदत करणाऱ्याला हात घातला. 6 महिन्यांच्या तर 12 पैकी 12 जणांनी!

घरात तान्हं बाळ सांभाळलेल्यांना शंका येईलच: या वयात हाताला लागेल ते तोंडात! शंका अगदीच अस्थानी नव्हती. हाच प्रयोग अनेक देशांतल्या 37 प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा केला, मात्र चित्रफिती दाखवून. 2024 मध्ये निकाल आला तो जवळपास निम्मा-निम्मा. मला विचाराल तर एवढ्यानं प्रश्न निकालात निघत नाही. पडद्यावरचा ठोकळा बाळाला खरा वाटतो का, इथूनच वाद सुरू होतो.