विवाह, वारसा आणि कायदा

आपल्या देशात फौजदारी कायदा सर्वांना सारखाच लागू होतो. विवाह, घटस्फोट आणि वारसा मात्र बहुतांशी धर्माप्रमाणे ठरतात. पारशी विवाहाचा कायदा १९३६ चा, मुस्लिम शरियत कायदा १९३७ चा, हिंदू विवाह कायदा १९५५ चा. राज्यघटनेच्या ४४ व्या कलमात समान नागरी कायद्याचं उद्दिष्ट आहे, पण त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. धर्म न बदलता आंतरधर्मीय लग्न करायचं असेल, तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यासाठी ३० दिवसांची नोटीस लागते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. तिथे वेगळा करार नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरतात. कायदा कोणताही असो, घरातल्या बाईला तिचा हक्काचा वाटा मिळायलाच हवा.