जमते का, आणि करता का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'दुधाचे नवे पुठ्ठ्याचे खोके तुम्हाला उघडता येते का?' असा प्रश्न उमरेडच्या एखाद्या बाईला विचारला, तर ती काय सांगेल? तिच्याकडे दूध पिशवीतून येते, नाहीतर घरच्या गोठ्यातून. पण हा प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. जेम्स फ्राइज यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संधिवाताच्या प्रश्नावलीत तो आहे. कपडे घालणे, जेवणे, चालणे, पकड अशा आठ गटांत एकूण वीस प्रश्न. त्रास न होता जमले तर शून्य, मुळीच जमले नाही तर तीन. रक्ताच्या तपासणीत जे दिसत नाही, ते रुग्णाच्या तोंडून आकड्यात आणण्याची ही युक्ती. औषधाचा गुण आला की नाही, हे जगभर या आकड्यांवरूनही ठरवतात.

मला आज बोलायचे आहे ते स्क्लेरोडर्मा नावाच्या दुर्मिळ आजाराबद्दल. शरीराची संरक्षक यंत्रणा शरीरावरच उलटते आणि कातडी ताठर होत जाते. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार बराच जास्त. बोटे आखडतात, तोंड पुरेसे उघडत नाही, घास अडकतो, काहींची फुप्फुसे निबर होतात. थंडीने बोटांचा रक्तपुरवठा आटतो आणि बोटांच्या टोकांना चिघळणाऱ्या जखमा होतात. डॉक्टर शरीरावर सतरा ठिकाणी कातडी चिमटीत धरून तिचा ताठरपणा मोजतात. पण त्या कातडीनिशी बाई भाकर थापते की नाही, हे चिमटीत सापडत नाही. म्हणून व्हर्जिनिया स्टीन आणि थॉमस मेडस्गर यांनी १९९७ मध्ये फ्राइज यांच्या प्रश्नावलीला पाच मोजपट्ट्या जोडल्या : बोटांचे गारठणे, जखमा, पोट, श्वास आणि एकूण आजार. रुग्णाने एका आडव्या रेघेवर खूण करून त्रास किती ते दाखवायचे.

आता हे मराठीत आणायचे. रीत ठरलेली आहे. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, दोन्हींचा मेळ घालायचा, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्यांनी ते पुन्हा इंग्रजीत उलटवायचे, जाणकारांनी ताडून बघायचे आणि मग तीस-चाळीस रुग्णांवर वापरून पाहायचे. आपल्याकडे या वाटेवर काम झालेले आहे. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २००२ मध्ये संधिवातासाठी बारा प्रश्नांची भारतीय प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत उकिडवे बसणे आणि मांडी घालणे आहे, ऑटोरिक्षात चढणे-उतरणेही आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी १९९६ पासून इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला संधिवाताची घरोघर पाहणी करत होते. अशी पाहणी करताना माणूस जमिनीवर बसतो, हे विसरून चालत नाही.

खोक्याच्या जागी दुसरे काही घालणे त्या मानाने सोपे. आमच्याकडे, उमरेड-भिवापूर पट्ट्यात, मिरचीच्या सातऱ्यावर बायका दिवसभर देठ तोडतात. चिमटीच्या ताकदीची याहून चांगली परीक्षा मला सुचत नाही. मात्र हाच प्रश्न नागपुरातल्या बँकेत काम करणाऱ्या बाईला निरुपयोगी. म्हणजे पुन्हा तोडगा काढा, आणि नवा प्रश्न जुन्याचेच माप घेतो हे आकड्यांनी सिद्ध करा.

त्याहून अवघड आहे ती 'जमते का' आणि 'करता का' यांची सरमिसळ. दवाखान्यात मी विचारतो, 'पाणी भरता येते का?' उत्तर येते, 'कराच लागते न जी, कोन भरून देते?' हा शून्य की दोन? उलट, जिच्या घरी सून आहे ती 'नाही भरत' म्हणते. तिला जमत नाही असे नव्हे, वेळच येत नाही. पहिली बाई कागदावर ठणठणीत ठरते आणि दुसरी आजारी.

रेघेचेही तसेच. शाळा न पाहिलेल्या म्हातारीपुढे रेघ ओढली तर ती बहुधा मधोमध बोट ठेवते. पण तिलाच विचारा, 'रुपयातले किती आणे बरे वाटते?' ती क्षणात म्हणेल, 'बारा आणे.' सोळा आण्यांची मोजपट्टी तिच्या डोक्यात तयार आहे. तरुण मुलीला मात्र आणे ठाऊक नसतात, तिला टक्के कळतात.

सगळ्यात मोठी अडचण मात्र शब्दकोशात सापडणार नाही. स्क्लेरोडर्माच्या रुग्णाला विचारायचे असते : बोटे बधिर होतात का, टोकांना जखमा होतात का? भाषांतर अचूक आहे. पुन्हा इंग्रजीत उलटवले तरी अचूकच येईल. पण वरोऱ्याचे आनंदवन, वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि अमरावतीचे तपोवन ज्या मुलखात आहे, तिथे हे प्रश्न ऐकणाऱ्याला वेगळेच ऐकू येते. 'बधिर चट्टा आहे का' असे विचारत आरोग्य कर्मचारी पिढ्यान् पिढ्या दारोदार फिरले आहेत. बोटे आखडलेली, टोके झिजलेली. शेजारीण आधीच दोन हात लांब बसते आहे. अशा बाईला कुष्ठरोगाचाच संशय येतो आणि ती मान हलवते. 'नाही जी, काही नाही.' जखम पदराखाली असते. त्या रकान्यात शून्य पडतो, आणि मोजपट्टी सांगते की रुग्ण बरी आहे. कुष्ठरोग हा बरा होणारा रोग आहे, हे सांगून एवढी जुनी भीती त्या पाच मिनिटांत जात नाही. म्हणून मला वाटते, इथे आधी विचारावे, 'थंड पाण्यात हात घातल्यावर बोटांचे काय होते?' आणि मग गप्प बसावे. डिसेंबरातल्या हातपंपाच्या पाण्याचे वर्णन ती आपणहून करील. रंग कसा बदलतो तेही सांगेल. सावळ्या कातडीवर 'पांढरी पडतात का' असे विचारण्यापेक्षा ते बरे.

मग प्रश्नावली कसाला लावायची. आठ-पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले तर तीच उत्तरे यावीत, अशी अपेक्षा असते. पण मधल्या दिवसांत थंडीची लाट आली किंवा ओसरली, तर बोटांचे उत्तर बदलणारच. तो दोष प्रश्नावलीचा नव्हे. विदर्भात ही चाचणी कोणत्या महिन्यात घेतली, हे लिहून ठेवले पाहिजे.

आणि रुग्ण आणायचे कुठून? अशा कामाला पन्नास ते शंभर माणसे तरी हवीत. एका तालुक्यात या आजाराची मोजकीच माणसे सापडतील. नागपूरचे मेडिकल, सेवाग्राम, अमरावती, पुणे, मुंबई असे सारे एकत्र आले तरच संख्या जमेल. आणि जमली की त्यात पुण्या-मुंबईची मराठी वरचढ होईल. ओळखीचे रुग्ण तिथे जास्त, शिकलेले जास्त, फॉर्म स्वतः भरणारे जास्त. म्हणून माझा आग्रह एवढाच, की त्या तीस-चाळीस पहिल्या रुग्णांत आमच्याकडच्या निदान पाच-सहा बायका असाव्यात. फॉर्म त्यांच्या हाती देऊ नये, वाचून दाखवावा, तोही नवरा आणि सासू बाहेर बसलेली असताना. प्रत्येक प्रश्नानंतर विचारावे, 'बाई, मी काय विचारले असे तुम्हाला वाटले?' उत्तर तिच्याच बोलीत, जसेच्या तसे लिहून घ्यावे. एका बाईला तासभर लागेल. तिला उमरेडची शेवटची बस मिळेल, एवढे मात्र पाहावे.