राजाबाई टॉवरचे न सुटलेले कोडे

बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड बेळगाव-निपाणीच्या मराठी वाचकाला परिचित आहेत. त्या कथांत गुन्ह्याचा उलगडा शेवटी होतोच. प्रत्यक्षात तसे घडतेच असे नाही.

२५ एप्रिल १८९१ रोजी मुंबईच्या राजाबाई टॉवरवरून कोसळून बच्चूबाई आणि पिरोजबाई या दोन तरुण पारशी स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. बच्चूबाई या अर्देशीर गोदरेज यांच्या पत्नी. त्यांचे आडनाव पुढे कुलपांमुळे घरोघरी पोहोचले. एका इसमावर खुनाचा खटला चालला, पण तो निर्दोष सुटला. तो अपघात होता, आत्महत्या होती की खून, हे आजही अनिर्णित आहे.

त्याआधी तीनच वर्षे, १८८८ साली, लंडनच्या व्हाइटचॅपल भागात पाच स्त्रियांचे खून झाले. मारेकरी सापडला नाही. त्याचे ‘जॅक द रिपर’ हे टोपणनाव मात्र जगभर गाजले. त्या पाचजणींच्या आयुष्यांवरचा हॅली रूबेनहोल्ड यांचा ग्रंथ २०१९ साली आला. मुंबईच्या घटनेवरून सुचलेली नेव्ह मार्च यांची इंग्रजी कादंबरी २०२० साली आली.

कादंबरीकाराला उत्तर कल्पिण्याची मुभा असते. इतिहासकाराला पुराव्यापाशी थांबावे लागते. राजाबाई टॉवर मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्याच वास्तूवर उभा आहे, हा योगायोग सूचक होय. ग्रंथालयात कथा आणि इतिहास यांची कपाटे शेजारी असतात. त्यांतील भेद जाणणारा वाचक घडविणे, हे ग्रंथालयाचे कार्य. मृतांना न्याय मिळाला नाही. निदान त्यांच्याविषयी असत्य तरी पसरू नये.