मॉन्टेसोरी कोणाची?
(नागपूर येथे प्राथमिक शिक्षक व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



मुलांनी मांडलेली कामे आपण आत्ताच पाहिली. एक मुलगी सोनेरी मण्यांनी बेरीज करीत होती. दहा सुटे मणी झाले की त्यांच्या जागी दशकाची एक सर, दहा सरी झाल्या की शतकाचा एक चौरस. ‘हातचा एक’ ही तिच्या दृष्टीने पाठ करण्याची गोष्ट उरली नव्हती; तो तिने खरोखरच हातात धरला होता. पलीकडे दोन मुलांनी अंबाझरीपासून कन्हानपर्यंत नाग नदीचा नकाशा काढला होता आणि पाणी कोठे काळे होते तेथे खुणा केल्या होत्या. त्यांनी मला विचारले, “या घाणीच्या काठावर लोक का राहतात?” या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. परंतु ज्या शिक्षणातून असा प्रश्न निर्माण होतो, ते खरे शिक्षण होय, असे मी मानतो.

मग हे शिक्षण मिळते कोणाला? आपल्या शहरात ‘मॉन्टेसोरी’ ही अक्षरे बहुधा फी देऊ शकणाऱ्यांच्या वस्तीतच दिसतात. या पद्धतीचा जन्म मात्र अशा वस्तीत झाला नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया मॉन्टेसोरी यांनी पहिले बालगृह उघडले, ते रोमच्या सॅन लॉरेन्झो भागात, मजुरांच्या चाळीत. आईबाप कामावर गेले की मुले जिने आणि भिंती खराब करतात, हीच घरमालकांची चिंता होती. त्या मुलांच्या हाती काम देताच त्यांची एकाग्रता जगाला थक्क करून गेली. १९३१ साली लंडनमध्ये मॉन्टेसोरी प्रशिक्षण महाविद्यालयात बोलताना गांधीजींनी हे शिक्षण गरिबांच्या मुलांनाही लाभावे, अशी इच्छा व्यक्त केली होती.

ती इच्छा महाराष्ट्रात काहींनी कृतीत आणली. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. महागडी साधने नव्हती, तेव्हा खडे, शंख-शिंपले, बिया आणि पाने हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात भरली. पद्धत लाकडी ठोकळ्यांत नसते, मुलाविषयीच्या आदरात असते, हे त्यांनी सिद्ध केले.

१९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. परंतु तेथे काम करणाऱ्या सेविकेला आजही वेतन नव्हे, मानधन मिळते. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो ६ ते १४ वयाच्या मुलांना. सहा वर्षांखालील मूल मार्गदर्शक तत्त्वांच्या आश्वासनावरच राहिले. ज्या वयाचे महत्त्व मॉन्टेसोरीबाईंनी सर्वाधिक सांगितले, नेमके तेच वय हक्काबाहेर ठेवले गेले!

म्हणून आपली मागणी खाजगी शाळा बंद करण्याची नाही. महापालिकेच्या प्रत्येक शाळेत आणि अंगणवाडीत मुलाला हाताने शिकण्याची साधने व मोकळा वेळ मिळाला पाहिजे, सेविकेला प्रशिक्षण व रास्त वेतन मिळाले पाहिजे, आणि सहा वर्षांखालील मुलाचा हक्क कायद्याने मान्य झाला पाहिजे, ही आपली मागणी आहे. तोवर आपणही स्वस्थ बसू नये. चिंचोके, काड्यांच्या जुड्या, सुतारकामातले उरलेले तुकडे यांतून गणिताची पेटी घरी करता येते. अशी एकेक पेटी आपण जवळच्या शाळेत पोहोचवू या.

नाग नदीच्या काठावर लोक का राहतात, हा प्रश्न आज दूरच्या घरातली मुले विचारीत आहेत. तो काठावरच्या घरातल्या मुलानेही नकाशा हातात घेऊन विचारावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.